डफ नसलेला शाहीर

प्रिय ओवी,

काल साताऱ्याहून तू आजोबांच्या कपाटातलं बाबासाहेब पुरंदऱ्यांचं ते जाडजूड 'राजा शिवछत्रपती' कॅमेऱ्यासमोर धरलंस आणि विचारलंस, "आई, हे लिहिणाऱ्या आजोबांना शिवशाहीर का म्हणतात? शाहिराकडे तर डफ असतो." तेवढ्यात रेंज गेली. सुट्टी संपवून तू म्युनिकला येईपर्यंत प्रश्न शिळा होईल, म्हणून आजच लिहितेय. मामा छापून देईल.

शाहीर म्हणजे पोवाडा गाणारा. झालेली लढाई तो अशी सांगतो की ऐकणाऱ्याला वाटावं, आपण तिथेच उभे आहोत. अफजलखानाच्या वधावरचा अज्ञानदासाचा पोवाडा तर महाराजांच्याच काळातला आहे. पुढे 1869 साली जोतीराव फुल्यांनी महाराजांवर पोवाडा लिहिला. त्यात महाराज 'कुळवाडीभूषण' आहेत, म्हणजे कुणब्यांचा, शेतकऱ्यांचा अभिमान. राजा तोच, पण प्रत्येक शाहिराला तो आपल्या जागेवरून दिसतो.

बाबासाहेब पुरंदरे 1922 साली जन्मले. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात बसून त्यांनी जुने कागद वाचले, गडकोट पायी हिंडले आणि मग गावोगाव व्याख्यानं देत सुटले. आग्र्याच्या दरबारात महाराज संतापले, हे त्याच वेळी तिथून राजस्थानातल्या आमेरला गेलेल्या पत्रांत लिहिलेलं आहे. पण त्या क्षणी त्यांचे डोळे कसे पेटले असतील, हे कुठल्या कागदात सापडायचं? ते बाबासाहेब सांगायचे. डफ नव्हता, पण काम शाहिराचंच होतं.

1985 साली त्यांनी 'जाणता राजा' हे महानाट्य रंगमंचावर आणलं. मी ते तुझ्याएवढी असताना पाहिलं, गावच्या मैदानावर, आजोबांच्या मांडीला टेकून. शंभराहून जास्त माणसं होती आणि खरे घोडे! एक घोडा आमच्या इतक्या जवळून दौडत गेला की त्याच्या टापांची माती माझ्या फ्रॉकवर उडाली. आमच्या गल्लीतला एक दादा मावळा झाला होता. रोज सायकलवरून दूध घालणारा तो, त्या रात्री हातात भाला घेऊन उभा होता आणि मला ओळखूच येईना. घरी येईपर्यंत मी आजोबांचं बोट सोडलं नाही. महाराज माझ्यासाठी त्या रात्री पुस्तकातून बाहेर आले, आणि हे ऋण मी कधी विसरणार नाही.

आता दुसरी बाजू, कारण ती तुला कळायलाच हवी. 2015 साली बाबासाहेबांना महाराष्ट्र भूषण जाहीर झाला तेव्हा राज्यभर वाद पेटला. आपल्या घरातही पेटला. मामाचं म्हणणं होतं की त्यांच्या मांडणीत दादोजी कोंडदेव आणि रामदासांना फार मोठं स्थान मिळालं, आणि त्यामुळे जिजाऊ आणि शहाजीराजे यांनी महाराजांना घडवलं ते झाकोळलं. 'जाणता राजा' हे शब्दही रामदासांचेच, हे तो मुद्दाम दाखवायचा. आजोबांना ते सहन होईना. दोन दिवस जेवताना कुणी कुणाशी बोललं नाही. मला आज वाटतं, मामाचा प्रश्न रास्त होता. शाहिरावर जीव लावावा, पण त्याला साक्षीदार समजू नये. साक्षीदार म्हणजे ती आमेरची पत्रं.

15 नोव्हेंबर 2021 ला, वयाच्या शंभराव्या वर्षी, बाबासाहेब गेले. त्या सकाळी मामानेच आजोबांना चहा करून दिला आणि दोघं कितीतरी वेळ बातम्या बघत बसले.

ते पुस्तक आज पुन्हा उघड. लाल शाईच्या रेघा आहेत त्या आजोबांच्या, आवडलेल्या वाक्यांखालच्या. समासात पेन्सिलीने बारीक अक्षरात 'पुरावा?' असं लिहिलंय ते मामाचं. एखादं पान असं शोध जिथे दोन्ही आहेत, आणि ते आजोबांकडून मोठ्याने वाचून घे. मामालाही बोलव.

तुझी,
आई