सोलर २ किलोवॉटचं पुरे, पण आधी टर्मचा हप्ता भरा

कराडच्या एका ताईंचं पत्र आलं आहे. यजमानांचं दुचाकी दुरुस्तीचं गॅरेज, वय ४७. घरात महिन्याला साधारण ७५ हजार येतात, ते जवळजवळ सगळे गॅरेजमधून. मुलगी दहावीत, मुलगा सातवीत, गृहकर्जाचे ११ लाख बाकी. गच्चीवर सोलर बसवायचं आहे. वेंडरने ८ किलोवॉटचं ४ लाख ६० हजारांचं कोटेशन दिलं आहे. केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेतून ७८ हजार सबसिडी मिळेल आणि जादा वीज सरकारला विकून महिन्याला ५ हजार खात्यात येतील, असं त्याचं म्हणणं. त्यांचा प्रश्न असा: "सबसिडीवरून रोज काहीतरी राजकारण चालू असतं. उद्या सरकारने योजना गुंडाळली तर आमचे पैसे अडकतील का? की मार्च २०२७ च्या आत घाईने बसवून घ्यावं?"

प्रश्न चांगला आहे आणि त्याचं उत्तर देतोच. पण ताई, पत्राच्या शेवटी तुम्ही सहज म्हणून जे लिहिलं आहे, ते वाचून मी खुर्चीत ताठ बसलो. सोलरच्या कर्जासाठी बँकेच्या शाखेत गेल्यावर तिथल्या साहेबांनी "कर्ज लगेच करतो, पण ही पॉलिसी घ्या, हिच्यातूनच कर्ज फिटेल" असं सांगितलं. तुम्ही वर्षाला १ लाख हप्त्याची पॉलिसी घेतली. हप्त्यासाठी यजमानांची १ कोटीची टर्म पॉलिसी (मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा विमा) या वर्षी भरायची नाही असं ठरवलंत, कारण "तिच्यातून शेवटी काहीच परत मिळत नाही". पीपीएफचे महिन्याचे ५ हजारही थांबवलेत.

हे आजच्या आज उलटं फिरवायचं आहे. पत्र मिळालं त्याच दिवशी मी तुम्हाला मेलवर चार ओळी कळवल्या आहेत, कारण तारखा अंगावर आल्या आहेत. टर्मचा हप्ता भरायची तारीख उलटून २२ दिवस झाले. वार्षिक हप्त्याला सवलतीचे ३० दिवस मिळतात आणि तेवढ्या दिवसांत विमा चालू धरला जातो. म्हणजे हातात ८ दिवस आहेत. नंतर पॉलिसी बंद पडते. ती पुन्हा चालू करता येते, पण तेव्हा कंपनी तब्येतीची माहिती मागते, चाचण्याही सांगू शकते. तुम्हीच लिहिलं आहे की मागच्या दिवाळीपासून यजमानांना बीपीची गोळी चालू आहे. ४१ व्या वर्षी, गोळी नसताना, २४ हजारांत मिळालेली पॉलिसी आज ४७ व्या वर्षी, गोळीसकट, त्या भावात कुणी देणार नाही. त्यातून २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्यावरचा १८ टक्के जीएसटी शून्य झाला आहे. तुमचे २४ हजार जीएसटी धरून असतील, तर यंदा २० हजारांच्या आसपासच भरायचे आहेत.

आता नवी पॉलिसी. तिच्या कागदाचा फोटो पाठवलात ते बरं झालं. दहा वर्षं १ लाख भरायचे, विसाव्या वर्षाच्या शेवटी १८ लाख मिळणार, मधे यजमानांचं काही बरंवाईट झालं तर १० लाख. पानाच्या तळाशी तुमची सही आहे आणि वरच्या तक्त्यात ४ टक्के आणि ८ टक्के परतावा धरलेले दोन रकाने आहेत. साहेबांनी पेनाने ८ टक्क्यांच्या रकान्याभोवती गोल केला आहे. पण तो आकडा हमीचा नाही. हमीचे ते १८ लाखच. दहा लाख भरून वीस वर्षांनी अठरा, म्हणजे वर्षाला ४ टक्केही पडत नाहीत. मुदत ठेव याहून जास्त देते. आणि जे कर्ज दहा वर्षांत फेडायचं आहे, ते विसाव्या वर्षी पैसे देणारी पॉलिसी फेडणार कशी? समोरच्या माणसाला हे कळत नसेल यावर माझा विश्वास नाही.

तेच १ लाख असे लावा: २४ हजार टर्मला, ७६ हजार पीपीएफमध्ये. ७.१ टक्के व्याज कायम धरलं तर वीस वर्षांनी साधारण २२ लाख होतात. दहा वर्षांनंतरचे टर्मचे हप्तेही त्यातूनच काढले तरी १९ लाख उरतात. पीपीएफचा दर सरकार बदलू शकतं, म्हणून लाखभर इकडेतिकडे समजा. आणि या सगळ्या काळात, यजमान ६५ चे होईपर्यंत, घरावर १ कोटीचं संरक्षण. दुसऱ्या बाजूला १८ लाख आणि १० लाखांचा विमा. १० लाखांत तुमचं गृहकर्जसुद्धा फिटत नाही, मुलांच्या शिक्षणाची गोष्ट पुढेच राहिली. गॅरेजला पीएफ नाही, पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही. त्या दोन हातांवर चार माणसं उभी आहेत. टर्ममधून काही परत मिळत नाही ही तक्रार मी वीस वर्षं ऐकतोय, आणि विमा नसलेल्या घरांत तेराव्यानंतर काय होतं तेही तेवढीच वर्षं पाहतोय.

पॉलिसी हातात पडून १९ दिवस झाले आहेत. फ्री लूकचे, म्हणजे पॉलिसी वाचून नको असल्यास परत करायचे, ३० दिवस असतात. विमा कंपनीला, बँकेला नव्हे, लेखी कळवा की पॉलिसी नको. मेल करा आणि कंपनीच्या कार्यालयात अर्ज देऊन पोच घ्या. मुद्रांक, तपासणी आणि तेवढ्या दिवसांच्या विम्याचा खर्च वजा होऊन बाकी पैसे परत येतात. शाखेतून फोन येईल, "कर्ज अडेल" म्हणतील. कर्जासाठी पॉलिसी गळ्यात मारणं नियमात बसत नाही. तसं म्हणाले तर "लिहून द्या" एवढंच सांगा. तरी अडवलं तर बँकेच्या तक्रार कक्षाकडे आणि तिथून रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. पॉलिसीची तक्रार विमा नियामकाच्या बिमा भरोसा पोर्टलवर करता येते.

आता सोलर. तुमच्या बिलामागचा बारा महिन्यांचा आलेख पाहिला. एप्रिल-मे मध्ये २६० युनिट, डिसेंबरात १५०, सरासरी २००. एक किलोवॉट आपल्याकडे महिन्याला ११० ते १२० युनिट देतं. म्हणजे तुमची गरज २ किलोवॉटची आहे. खर्च साधारण १ लाख ३० हजार, सबसिडी ६० हजार (पहिल्या दोन किलोवॉटना प्रत्येकी ३० हजार, तिसऱ्याला १८, पुढे शून्य). तुमच्या खिशातून ७० हजार. दोन हजारांच्या बिलातला स्थिर आकार वगैरे सोडून वर्षाला २० हजार वाचले तर साडेतीन वर्षांत वसूल. इतकं चांगलं गणित मला क्वचितच दिसतं. जरूर बसवा.

८ किलोवॉट बसवलं तर सबसिडी ७८ हजारांवरच थांबते. महिन्याला ९०० युनिट तयार, २०० वापर, ७०० शिल्लक. ही शिल्लक पुढच्या महिन्यांच्या बिलात वळती होते, पण आर्थिक वर्षाअखेर जी उरते तिचे पैसे वीज नियामक आयोगाने ठरवलेल्या दराने मिळतात, तुम्ही वीज घेता त्या दराने नाही. वेंडरने ७ रुपये धरलेत, मी ३ धरतो. वर्षाचे २५ हजार होतात, बिलातले २० धरून ४५. त्यासाठी ३ लाख ६० हजारांचं कर्ज, दहा वर्षांचा हप्ता साडेचार हजार, म्हणजे वर्षाला ५४ हजार. दर वर्षी ९ हजारांचा खड्डा. मंजूर भार (तुमच्या जोडणीला मंजूर असलेले किलोवॉट) वाढवावा लागेल, त्याचा स्थिर आकार वेगळा.

राजकारणाचा प्रश्न इथेच येतो. पीएम सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ ची, ७५ हजार २१ कोटींची, एक कोटी घरांसाठी, २०२६-२७ पर्यंत. सबसिडी एकदाच, थेट तुमच्या खात्यात येते आणि आलेली कुणी परत घेत नाही. तिची काळजी सोडा. बदलू शकतो तो वीज वळती करण्याचा नियम. दुपारी सौर वीज मुबलक असते आणि संध्याकाळी सात वाजता तुटवडा. दुपारी दिलेल्या युनिटच्या बदल्यात रात्रीचं महाग युनिट फुकट का द्यायचं, हा वितरण कंपनीचा मुद्दा. शिवाय जास्त दराने बिल भरणारी घरं सोलरकडे गेली की वायर, रोहित्रं, कर्मचारी यांचा खर्च गच्ची नसलेल्या भाडेकरूंवर सरकतो. त्यात तथ्य आहे. पण सरकारनेच बोलावून, कर्ज काढायला लावून, मग नियम बदलायचा हेही योग्य नाही. २०२५ च्या सुरुवातीला महावितरणच्या दरप्रस्तावात दिवसा ९ ते ५ या वेळेची अशी वेगळी मोजणी, म्हणजे दिवसाची युनिटं दिवसाच्याच वापरातून वजा, आली आणि सोलरवाले, ग्राहक संघटना सगळे विरोधात उभे राहिले. आयोगाचा आदेश २८ मार्चला आला, पाच दिवसांत त्याला स्थगिती मिळाली, २५ जूनला नवा आदेश, १ जुलैपासून लागू. तीन महिन्यांत दोन आदेश, आणि वेंडरचं गणित पंचवीस वर्षं एकच दर धरून.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. स्पेनने २००७ मध्ये सौर विजेला असा घसघशीत हमीभाव दिला की हजारो कुटुंबांनी घरं गहाण टाकून पॅनेल घेतली. मंदी आली, तिजोरी आटली, आणि २०१० पासून हमीभावाला कात्री लागत २०१३ मध्ये ती पद्धतच मोडीत निघाली. अमेरिकेत घरगुती सोलरवरची ३० टक्के करसवलत २०२२ च्या कायद्याने पुढची दहा वर्षं चालणार होती. जुलै २०२५ च्या कायद्याने ती ३१ डिसेंबर २०२५ ला संपली. न्यू जर्सीतल्या माझ्या एका मराठी ग्राहकाने ती गृहीत धरून २०२६ चा खर्च आखला होता, तो त्याला रद्द करावा लागला. जर्मनीने मात्र नव्या लोकांचे दर उतरवत नेले तरी आधी जोडलेल्यांना दिलेला वीस वर्षांचा भाव पाळला.

तुमच्या घरासाठी याचा अर्थ असा: स्वतः वापरायची वीज छतावर करा, विकायची करू नका. २ किलोवॉटमध्ये नियम उलटला तर वसुली साडेतीनऐवजी पाच वर्षांत होईल, एवढंच. पाण्याची मोटर, इस्त्री, वॉशिंग मशीन दुपारी लावली तर तेवढंही नाही.

मार्चची घाई करू नका, पण रेंगाळूही नका. आधी वीजबिलावरचं नाव बघा. मीटर अजून सासऱ्यांच्या नावावर असल्याचं बिलात दिसतं, ते बदलल्याशिवाय अर्ज पुढे जाणार नाही. वेंडर योजनेच्या राष्ट्रीय पोर्टलवर नोंदलेला हवा आणि पॅनेलमधले सेलसुद्धा भारतात बनलेले हवेत, नाहीतर सबसिडी नाही. पॅनेलवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला आहे, तेव्हा कोटेशन नव्याने घ्या. ७० हजारांसाठी कर्ज काढायचंच असेल तर ३ किलोवॉटपर्यंतचं खास कर्ज मागा, राष्ट्रीयीकृत बँकांत ते साधारण ६ टक्क्यांच्या आसपास मिळतं. माझं मत विचाराल तर फ्री लूकमधून परत येणाऱ्या पैशांतून पहिल्यांदा टर्मचा हप्ता टाका आणि उरलेल्यातून सोलर बसवा. तो परतावा यायला वेळ लागेल, म्हणून हप्ता आज गॅरेजच्या गल्ल्यातून भरा.

आणि फोटोत गच्चीच्या दक्षिण कडेला काळी टाकी दिसते. थंडीत तिची सावली पॅनेलवर पडेल. ती उत्तरेला हलवता येते का, ते प्लंबरला विचारून ठेवा. टर्मच्या हप्त्याची पावती मात्र आधी पाठवा.