सागाचे चौरस ओंडके आयात करताना कस्टम्स टॅरिफमधला ४४०३ (कच्चं लाकूड) लावायचा की ४४०७ (चिरलेलं लाकूड)?

प्रश्न असा दिसतो: आफ्रिकेतून सागाचा माल येतोय, चारी बाजूंनी चौकोनी केलेला. इनव्हॉइसवर ‘रफ स्क्वेअर लॉग’ लिहिलंय, कस्टम्सचं काम पाहणारा एजंट म्हणतो ४४०३ लावू, आणि तुम्हाला पुढे नोटीस येण्याची धास्ती आहे. धास्ती रास्त आहे. इनव्हॉइसवरच्या नावावर हे प्रकरण ठरत नाही, लाकडाच्या अंगावर ठरतं.

४४०३ मध्ये कच्चा ओंडका येतो. साल काढलेली असो वा नसो, आणि ओबडधोबड चौरस केलेला असला तरी. म्हणजे कुऱ्हाडीने, वाकसाने किंवा ढोबळ करवतकामाने गोलाई उतरवलेला. एचएसएनच्या, म्हणजे मालाच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या, स्पष्टीकरण टिपांत याची खूण दिली आहे: खडबडीत जागा किंवा सालीचे अंश राहिलेले असतात. दोनच समोरासमोरच्या बाजू सपाट केलेला ओंडकाही इथेच. सागाचं तर तिथे नाव घेतलंय: पाचरी ठोकून फोडलेला किंवा रेषांच्या दिशेने तासून तुळईसारखा केलेला सागसुद्धा ओबडधोबड चौरस धरायचा.

४४०७ म्हणजे लांबीत चिरलेलं, ६ मिमीपेक्षा जाड लाकूड. इथे दोन गैरसमज हमखास होतात. एक, ‘कडेला साल दिसते, म्हणजे लॉगच’. तसं नाही, कडेला साल राहिलेली चिरलेली फळी ४४०७ मध्येच जाते. दुसरा, ‘एका टोकाला जाड, दुसऱ्याला बारीक, म्हणजे सॉन (चिरलेलं) नाही’. ४४०७ ला सगळीकडे सारखा छेद असावा अशी अटच नाही. त्यामुळे नुसत्या उतरत्या मापावर भिस्त ठेवू नका.

माल निघण्याआधी पुरवठादाराकडून दहाएक नगांचे फोटो मागवा: चारही बाजू, दोन्ही टोकं, शेजारी टेप धरलेली. दोन्ही टोकांना आणि मध्ये रुंदी-जाडी मोजून घ्या. चारही बाजूंवर बँडसॉचे एकसारखे ओरखडे, कोपरे धारदार, मापं जवळपास तंतोतंत, असं असेल तर मी ४४०७ च भरेन. कोपऱ्यांवर मूळची गोलाई, वाकसाचे घाव, माप जागोजागी कमीजास्त, असं असेल तर ४४०३ टिकतो. कायद्यात मिलिमीटरची रेघ नाही, म्हणून फोटो हाच तुमचा खरा पुरावा.

फरक किती? मूळ सीमाशुल्काचा दर ओंडक्याला ५ टक्के, चिरलेल्याला १० टक्के धरा (बिल ऑफ एंट्री, म्हणजे कस्टम्सचं आयातपत्र, भरताना त्या दिवसाचा दर आणि अधिसूचना पाहाच). १० लाखांच्या मालावर समाजकल्याण अधिभारासह ५५,००० विरुद्ध १,१०,००० रुपये. आयजीएसटीचं क्रेडिट मिळतं, हे ५५,००० मात्र खिशातून जातात. आणि चुकीचं वर्णन जाणूनबुजून केलं असं ठरलं तर कस्टम्स कायद्याच्या कलम २८ खाली मागणीची मुदत दोन वर्षांवरून पाच वर्षांवर जाते, वर कलम ११४अ चा शुल्काइतका दंड.

खरी गोची बहुतेकदा कागदांतच असते. कित्येक देशांत ओंडके बाहेर पाठवायला बंदी आहे. म्यानमारची १ एप्रिल २०१४ पासून आहे. मग निर्यातदार तिथल्या कागदांवर ‘सॉन टिंबर’ लिहितो आणि तुमच्यासाठी इनव्हॉइसवर ‘रफ स्क्वेअर’. फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट (लाकूड कीड-रोगमुक्त असल्याचा दाखला) तर तिथलंच असतं आणि कस्टम्सच्या टेबलावर येतंच. दोन कागद दोन गोष्टी सांगायला लागले की एजंटही हात वर करतो.

प्रजातीचं शास्त्रीय नावही तपासा. सागाचं टेक्टोना ग्रँडिस. २०२२ च्या बदलापासून सागाच्या ओंडक्याला ४४०३ ४२ आणि चिरलेल्याला ४४०७ २३ असं स्वतंत्र उपशीर्षक आहे. बाजारात ‘आफ्रिकन टीक’ म्हणून खपणारं लाकूड बऱ्याचदा इरोको असतं. चिरलेलं असेल तर ते ४४०७ २८, साग नव्हे. त्याच नावाखाली अफ्रोर्मोसिया हे दुसरं आफ्रिकन लाकूड निघालं तर सायटीसचा (धोक्यातल्या प्रजातींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) परवाना लागतो. क्रिओसोट किंवा तत्सम लाकूड टिकवणारं द्रव्य मारलेला सागाचा ओंडका आधी ४४०३ १२ मध्ये जातो, प्रजातीचं उपशीर्षक मग लागतच नाही.

मापाची गडबड वेगळीच. ओंडक्यांचा भाव अनेकदा हॉपस मापात ठरतो: घेराचा चौथा भाग, त्याचा वर्ग, गुणिले लांबी. गोल ओंडक्याच्या खऱ्या घनफळाच्या ते ७८.५ टक्केच भरतं. टॅरिफमध्ये एकक घनमीटर आहे, आणि १ घनमीटर म्हणजे ३५.३१ साधे घनफूट, पण २७.७४ हॉपस घनफूट. इनव्हॉइसवर नुसतं ‘सीएफटी’ (घनफूट) असेल तर कुठलं ते लिहून घ्या, नाहीतर तपासणीत माल जास्त भरला म्हणून कंटेनर अडकतो.

याच प्रकारचा माल वर्षभर आणायचा असेल तर पहिल्या कंटेनरआधी मुंबईच्या कस्टम्स ॲडव्हान्स रूलिंग प्राधिकरणाकडे कलम २८एच खाली अर्ज करा. एकच खेप असेल तर एजंटला ‘फर्स्ट चेक’ मागायला सांगा: आधी तपासणी, मग आकारणी. दोनचार दिवस आणि थोडं डिटेन्शन (कंटेनर अडकून राहिल्याचं भाडं) जाईल, पण अधिकाऱ्याने लाकूड डोळ्यांनी पाहिल्याची नोंद राहते.