पानं नसलेलं शिवसुमन आणि माकडशिंग यांतला फरक कसा ओळखावा?

तुम्ही लिहिलंय की एप्रिलमध्ये जुन्नरकडच्या एका कड्यावर बिनपानांचं मांसल झुडूप दिसलं, सोबतचे सगळे माकडशिंग म्हणाले आणि तुम्हाला मात्र शिवसुमनाची शंका आली. "पानं नाहीत म्हणजे माकडशिंग" या एका वाक्यावरून आमच्या घरात बारा वर्षं वाद चालू आहे, म्हणून लिहितोय.

खोडाला बोट लावून बघायचं. माकडशिंगाचं खोड चौधारी, धारांवर बारीक दाते, शेंड्याकडे निमुळतं. शिवसुमनाचं गोल, करंगळीएवढं, राखी-हिरवं, त्यावर गळलेल्या पानांचे वण.

जत्रेच्या दुसऱ्या दिवशी मामांबरोबर गडावर गेलो होतो. कुठला गड ते लिहीत नाही, कारण जागा कळली की माणसं झाडं उपटून नेतात. मामांच्या घरी माकडशिंगाची भाजी नेहमीची. त्यांनी कपारीतला एक गड्डा मुळासकट ओढून पिशवीत टाकला. मी म्हटलं, "मामा, हे माकडशिंग नाही, खोड गोल आहे." ते सगळ्यांसमोर म्हणाले, "पानं कुठायत याला? पुस्तकं वाचून आम्हाला रान शिकवतोस?" मी गप्प बसलो. खाली पडलेला वीतभर तुकडा उचलून तेवढा खिशात घातला.

घरी फुटक्या माठाच्या बुडात मुरूम भरून लावला. जूनपर्यंत नुसती सुरकुतलेली काडी. आई दोनदा फेकून द्यायला निघाली होती. पाऊस लागला तशी काडी टम्म फुगली आणि शेंड्याला जाड, लांबट, गुळगुळीत पानं आली. सप्टेंबरात पानाच्या बगलेत फूल उमललं: पाच पाकळ्यांची चांदणी, रुपयाच्या नाण्याएवढी, गडद तांबडी, वर पिवळ्या खुणा, पाकळ्यांच्या कडेला लव. माकडशिंगाची फुलं याहून लहान, निमुळत्या शेंड्यावर खाली माना घालून लोंबणारी.

तो माठ मी एसटीनं मामांकडे नेला. त्यांनी बघितलं आणि म्हणाले, "हे तू नर्सरीतून आणलंस."

माझं ठाम मत आहे की पानांवरून ओळख सांगणारा माणूस ते झाड वर्षातून एकदाच बघतो. शिवसुमन पावसाळ्यात पानं धरतं आणि पाणी वाचवायला कोरड्या दिवसांत ती टाकून देतं. सात-आठ महिने ते तसंच उघडं उभं असतं, आणि नेमकं तेव्हाच माकडशिंग समजून उपटलं जातं. नावांवरही विसंबू नका, शिंदळ माकुडी हे नाव लोक दोन्हींना लावतात. दोन्ही रुईच्या कुळातली, शेंगा जोडीनं लागतात, बियांना तसाच रेशमी कापूस, त्यामुळे शेंगेवरूनही निकाल लागत नाही. डाल्झेल या वनस्पतिशास्त्रज्ञानं १८६४ मध्ये शिवसुमनाला मुंबईचा गव्हर्नर फ्रेअर याच्या नावावरून फ्रेरिया इंडिका नाव दिलं. आता बरेच अभ्यासक त्याला बाउसेरोशिया या गटात धरतात आणि हा गट माकडशिंगाच्या गटाला जवळचा, म्हणजे माकडशिंगाचं ते भावंडच. मामा अगदीच परक्या झाडाला फसले नव्हते, हे मी मान्य करतो. पण सांगितल्यावर खोड चाचपून बघायला काय हरकत होती?

हो, एक राहिलं. पावसाळ्यात माकडशिंगाच्या कोवळ्या फुटीलाही इवलीशी पानं येतात आणि लगेच गळतात. आणि आधीच मोडलेल्या फांदीतून पांढरा चीक येत असेल तर ते या दोन्हींतलं नाही, शेर-थोरासारखं चिकाचं निवडुंग असेल. तो हात डोळ्याला लावू नका. मी आणला तो तुकडा उपटून झालेल्या झाडाचा होता, म्हणून कोणी कपारीतून काडी तोडून आणू नये. शिवसुमन जगात फक्त सह्याद्रीतल्या मोजक्या कड्यांवर उरलंय.

तुमच्या कड्यावर सप्टेंबरात पुन्हा जा. फूल असेल तर खोडासकट फोटो काढा आणि मलाही पाठवा. मामा अजून मानत नाहीत.