दोन लॅपटॉप, एक महागडा वायरलेस कीबोर्ड आणि मराठी टायपिंग

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घरून काम, टेबलावर ऑफिसचा विंडोज लॅपटॉप आणि स्वतःचं मॅकबुक. दिवसभर इंग्रजी मेल, रात्री मराठी लेखन, आणि त्याच खोलीत लहान मूल झोपलेलं. लॉजिटेकचा एमएक्स कीज एस मनात भरलाय, पण कीबोर्डला दहा हजारांच्या वर मोजायचे म्हणजे घरी बोलणी खायची तयारी हवी. मित्र म्हणतो, त्याच पैशात मेकॅनिकल (प्रत्येक बटणाखाली वेगळा स्विच असलेला कीबोर्ड) घे.

एकच लॅपटॉप असता तर मी सरळ नको म्हटलं असतं. चांगला तारेचा कीबोर्ड याच्या निम्म्याहून कमी पैशांत येतो आणि त्याला ना चार्जिंग लागतं ना जोडणी. पण तुमच्याकडे दोन यंत्रं आहेत, म्हणून घ्या. मी याच्याच आधीचा, २०१९ साली आलेला एमएक्स कीज बरीच वर्षं रोज बडवतोय. बोटांना तो छानच लागतो, पण तेवढ्यासाठी एवढे पैसे घालायचे नाहीत. पैसे वसूल होतात ते उजवीकडे वर असलेल्या १, २, ३ या तीन बटणांमुळे. बटण तीनेक सेकंद दाबून धरलं की त्याचा दिवा भराभर लुकलुकतो, तेवढ्यात लॅपटॉपच्या ब्लूटूथमधून जोडून घ्यायचं. नंतर १ दाबलं की ऑफिस, २ दाबलं की मॅक.

आता यातली मेख. कीबोर्ड उडी मारतो, माऊस जागेवरच राहतो. आणि मॉनिटर एकच असेल तर तो तिसराच खेळ. कीबोर्ड मॅकवर, माऊस विंडोजवर, अशा अवस्थेत पहिले काही दिवस चिडचिड होते. तेव्हा माऊससुद्धा दोन-तीन यंत्रांचा घ्यावा लागेल हे खर्चात आत्ताच धरा. माऊस पडद्याच्या कडेला नेला की त्याच्यामागून कीबोर्डही दुसऱ्या लॅपटॉपवर जातो अशी सोय कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे, पण ते दोन्ही लॅपटॉपवर टाकावं लागतं. ऑफिसच्या लॅपटॉपवर तुम्हाला कोण टाकू देणार? म्हणून मी ती सोय नाहीच असं समजून चालतो.

जोडणीबद्दल: ऑफिसचा लॅपटॉप यूएसबी रिसीव्हरने (पोर्टात खोचायचा छोटासा तुकडा) जोडा आणि मॅक ब्लूटूथने. यामागे कारण आहे. बऱ्याच ऑफिसांच्या लॅपटॉपला विंडोज सुरू होण्याआधीच बिटलॉकरचा (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) पिन मागायची सवय असते. त्या वेळी ब्लूटूथ जागंच झालेलं नसतं, त्यामुळे ब्लूटूथचा कीबोर्ड तिथे ढिम्म. रिसीव्हर मात्र साध्या यूएसबी कीबोर्डसारखा ओळखला जातो, म्हणून पिन टाकता येतो. नव्या एसचा रिसीव्हर बोल्ट जातीचा आहे. लॉजिटेकचाच जुना युनिफाइंग रिसीव्हर घरात पडलेला असेल तर तो याला चालणार नाही. खोक्यात बोल्ट आहे ना, हे घेण्याआधी बघा. आकड्यांचे खण नसलेल्या धाकट्या एमएक्स कीज मिनीसोबत तो येत नाही, वेगळा घ्यावा लागतो.

रिसीव्हर लावायची जागाही महत्त्वाची. यूएसबी ३ चं पोर्ट, त्यात बाहेरची हार्डडिस्क, शेजारी रिसीव्हर, असं असेल तर अक्षरं अडखळतात, कधी एकच अक्षर चारदा उमटतं. लोक कीबोर्डला शिव्या घालतात, पण यूएसबी ३ ची वायर आणि कनेक्टर २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास गोंगाट करतात. इंटेलनेच २०१२ साली यावर सविस्तर लिहिलं होतं. शे-दोनशेची यूएसबी एक्स्टेन्शन वायर घ्या आणि रिसीव्हर टेबलावर, कीबोर्डच्या नजरेसमोर आणून ठेवा. बहुतेक वेळा तेवढ्यानेच काम होतं.

आणखी एक गोष्ट, जी विचारायला दर महिन्याला कोणी ना कोणी येतंच: "मॅकवर कमांडच्या जागी ऑप्शन लागतंय, कीबोर्ड बिघडला का?" बिघडलेला नसतो. यंत्र कोणतं आहे हे ओळखण्यात त्याची गल्लत झालेली असते. एमएक्स कीजवर एफएन आणि ओ दाबून धरा, मॅकची मांडणी येते. एफएन आणि पी धरलं की विंडोजची.

आता मराठी. दुकानात किंवा व्हिडिओत हे कोणी सांगत नाही, म्हणून सविस्तर लिहितो. तुम्ही फोनेटिक, म्हणजे इंग्रजी अक्षरांत उच्चार टाइप करून मराठी उमटवायची पद्धत, वापरत असाल (विंडोजमध्ये २०१९ पासून मराठी फोनेटिक आयतंच मिळतं) तर हा परिच्छेद आणि पुढचा सोडून द्या, तुम्हाला कुठलाही कीबोर्ड चालेल. इनस्क्रिप्टवाल्यांनी (म्हणजे देवनागरीची प्रमाण मांडणी वापरणाऱ्यांनी) मात्र बटणांच्या आकाराकडे डोळे उघडे ठेवून बघावं. इनस्क्रिप्टमध्ये स्वर आणि काना-मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला. "दुसऱ्याच्या" हा साधा शब्द घ्या. यातला ऱ म्हणजे शिफ्ट आणि जे, मग डीवर हलन्त, मग तिरप्या रेघेच्या बटणावर य. ळ म्हणजे शिफ्ट आणि एन. दोन्ही अक्षरं उजव्या हाताची, म्हणून शिफ्ट डाव्या करंगळीने धरायचं. उलट अ, आ, इ, ई, उ, ए, ओ हे सगळे डाव्या हाताला शिफ्टसकट, म्हणजे तिथे उजवं शिफ्ट लागतं. इंग्रजीत वाक्याच्या सुरुवातीला एखादं कॅपिटल येतं. मराठीत "आणि", "आहे", "आता", "असं" लिहिताना दर ओळीला उजव्या करंगळीला काम.

यावरून दोन गोष्टी निघतात. एक, अमेरिकन मांडणीचाच कीबोर्ड घ्या. इंग्लंडहून कोणी नातेवाईक आणून देत असेल तर नम्रपणे नको म्हणा. तिकडच्या मांडणीत डावं शिफ्ट अर्धं कापून मध्ये एक जादा बटण घातलेलं असतं, आणि ळ लिहायला गेलं की करंगळी नेमकी त्याच्यावर पडते. एंटरचा आकारही वेगळा, त्यामुळे "डॉक्टर"मधला ऑकाराचा अर्धचंद्र-काना नेहमीच्या जागी सापडत नाही. दोन, मित्र सुचवतोय तसले आटोपशीर मेकॅनिकल घेताना उजवं शिफ्ट नीट बघा. कीक्रॉन के२सारख्या कीबोर्डवर वर जाणारा बाण त्याच्या शेजारी बसवायला ते आखूड केलेलं आहे. "आणि" लिहायला जाल आणि कर्सर वरच्या ओळीत जाऊन बसेल. सवय होते, पण का करून घ्यायची?

बटणांवर देवनागरी अक्षरं छापलेली मिळणार नाहीत. त्यावर स्टिकर लावायचा विचार असेल तर कृपया लावू नका. एमएक्सच्या बटणांना मध्ये गोल खळगा आहे, बोट आपोआप त्यात बसतं. स्टिकरने तो खळगाही जातो आणि खालून येणारा उजेडही. एक कागदी तक्ता महिनाभर समोर चिकटवा, पाठ होतं.

मेकॅनिकलबद्दल माझं मत पक्षपाती आहे, कारण आमच्याकडेही रात्री घर झोपल्यावरच लेखन होतं. शांत म्हणून विकले जाणारे स्विचही दिवसा शांत असतात, रात्री साडेअकराला नाही. शिवाय उंच कीबोर्डला मनगटाखाली आधार लागतो. मेकॅनिकलचा एक खरा फायदा मात्र मान्य: कीक्रॉनसारखे कीबोर्ड तार लावली की तारेवर चालतात. एमएक्स कीजला यूएसबी-सी तार लावली तरी ती फक्त चार्जिंगपुरती, अक्षरं हवेतूनच जातात. ऑफिसने ब्लूटूथ आणि रिसीव्हर दोन्ही बंद केले असतील तर तुमचे पैसे पाण्यात.

बॅटरी: कंपनी म्हणते बटणांखालचे दिवे चालू ठेवून १० दिवस, बंद ठेवून ५ महिने. माझा अनुभव याच्या आसपासचाच आहे. दिवे हात जवळ आणल्यावरच लागतात, बॅटरी फार उतरली की ते लागणंच बंद होतं, तीच चार्जिंगची खूण समजायची. मी दिवसा दिवे बंदच ठेवतो. बॅटरी आतच असते, सेलसारखी पटकन बदलता येत नाही. चार-पाच वर्षांनी ती दमणार हे धरून चाला.

बाकी खोड्या. मागे पाय नाहीत, उतार आहे तोच घ्यायचा. काळी बटणं तेलकट बोटांनी चकाकायला लागतात, वडापाव खाऊन लगेच टायपिंग नको. चहा सांडला तर वाचेल याची कोणी हमी देत नाही. पूर्ण आकाराचा ४३ सेंटिमीटर रुंद आहे, आकड्यांचे खण धरून. तुम्ही एक्सेलमध्ये बुडालेले नसाल तर त्या खणांमुळे माऊस लांब जातो आणि उजवा खांदा भरून येतो. माझा आला, म्हणून माऊस आता डाव्या हाताला. हिशेबाचं काम नसेल तर मिनी बघा.

खरेदीआधी एकच काम करा: ऑफिसच्या आयटीवाल्यांना विचारा की बाहेरचा यूएसबी रिसीव्हर चालतो का, आणि सुरू होताना बिटलॉकरचा पिन मागतं का. पिन मागत असेल आणि यूएसबी बंद असेल तर ऑफिसच्या लॅपटॉपचं झाकण रोज सकाळी उघडून पिन त्याच्याच कीबोर्डवर टाकावा लागेल. ते चालणार असेल तर बेलाशक घ्या. काय उत्तर मिळालं ते इथेच लिहा, आणि टेबलाची रुंदीही सांगा, म्हणजे मोठा की मिनी ते ठरवू.