आमदार-खासदारांचा पगार : वाचकांचे प्रश्न

अधिवेशन जवळ आलं की तेच प्रश्न पुन्हा येतात, निम्मे व्हॉट्सॲपवरून उचललेले. त्यातले काही इथे घेतो.

खासदारांना आयकर माफ असतो ना?
नाही. पगारावर कर लागतो. काही भत्त्यांना सूट आहे, पण ती करप्रणालीनुसार बदलते. ते सीएला विचारा.

संसदेच्या कॅन्टीनमधली स्वस्त थाळी कधी बंद होणार?
सवलत जानेवारी २०२१ मध्येच बंद झाली. तो मेसेज पुढे पाठवू नका.

एकच दिवस खासदार राहिलेल्यालाही पेन्शन मिळते?
मिळते. २०२३ पासून दरमहा ३१ हजार, पाच वर्षांपुढच्या प्रत्येक वर्षासाठी अडीच हजार जास्त. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या पेन्शनविरुद्धची याचिका फेटाळली, म्हणजे बदल करायचा तर कायद्यानेच. पंजाबने २०२२ मध्ये 'एक आमदार, एक पेन्शन' (कितीही वेळा निवडून आला तरी पेन्शन एकच) कायदा केला, तसा इथेही करता येईल.

स्वतःचा पगार स्वतःच ठरवतात, हे योग्य आहे का?
नाही. संविधानाच्या अनुच्छेद १०६ (खासदार) आणि १९५ (आमदार) नुसार कायदा सभागृहानेच करायचा आहे. पण आकडा स्वतंत्र मंडळाने सुचवावा, असं त्या कायद्यातच लिहिता येतं. ब्रिटनमध्ये भत्त्यांच्या घोटाळ्यानंतर २००९ मध्ये असं मंडळ नेमलं गेलं. आपल्या संसदेने २०१८ मध्ये खासदारांचा पगार महागाई निर्देशांकाला जोडला. त्यानुसार तो एक लाखावरून १ लाख २४ हजार झाला, १ एप्रिल २०२३ पासून. रकमेवर माझा आक्षेप नाही. राग आहे तो पद्धतीवर. ऑगस्ट २०१६ मध्ये आमदारांचा पगार सुमारे ७५ हजारांवरून १ लाख ७० हजारांवर नेणारं विधेयक आपल्या विधिमंडळाने चर्चेविना मंजूर केलं. मुद्दा एकट्या पगाराचा नाही. घाईत उरकलेलं प्रत्येक विधेयक नंतर लोकांनाच निस्तरावं लागतं. पंधराव्या लोकसभेत (२००९-१४) ७१ टक्के विधेयकं तपासणीसाठी संसदेच्या समित्यांकडे गेली, सतराव्यात (२०१९-२४) फक्त १६ टक्के. समितीत काय घडतं ते आपणच पाहिलं आहे. महाराष्ट्राचं जनसुरक्षा विधेयक दोन्ही सभागृहांच्या आमदारांच्या संयुक्त चिकित्सा समितीकडे गेलं, तेव्हा १२ हजारांहून अधिक सूचना आल्या आणि मसुद्याच्या शब्दांत बदल झाले. ते कायद्याला विरोध करणाऱ्यांना पुरेसे वाटले नाहीत, पण निदान त्यांचं म्हणणं नोंदलं तरी गेलं. अशा कामाला दिवस लागतात. संविधान दोन अधिवेशनांत सहा महिन्यांहून जास्त अंतर नको, एवढंच सांगतं. बैठकींचा किमान आकडा त्यात नाही. संविधानाच्या कामकाजाचा आढावा घेणाऱ्या आयोगाने २००२ मध्ये लोकसभेसाठी १२० आणि राज्यसभेसाठी १०० दिवस सुचवले होते. ती शिफारस अजून तशीच पडून आहे. नागपूरचं २०२४चं हिवाळी अधिवेशन १६ ते २१ डिसेंबर, एका आठवड्यात आटोपलं. विदर्भाच्या एका वर्षाच्या प्रश्नांना एक आठवडा! पगारवाढीचं विधेयक येईल तेव्हा त्याच विधेयकात किमान बैठकींची अट घाला, ही माझी मागणी आहे.

गोंधळ घातला तर पगार कापावा का?
मला धोका वाटतो. गोंधळ कोणाचा, हे पीठासीन अधिकारी, म्हणजे सभागृहाचे अध्यक्ष किंवा सभापती ठरवणार, आणि ते बहुतेक वेळा सत्ताधारी पक्षाचेच असतात. उद्या प्रश्न लावून धरणाऱ्याचाच पगार कापला जाईल. दैनिक भत्त्यासाठी हजेरीपटावर सही लागते, तेवढा नियम नीट पाळला गेला तरी पुष्कळ.

आमच्या आमदारांनी अशासकीय विधेयक (मंत्री नसलेल्या सदस्याने आणलेलं) मांडावं म्हणून आग्रह धरू का?
धरा, पण मंजुरीची आशा फार ठेवू नका. संसदेत अशी १४ विधेयकंच मंजूर झाली, शेवटचं १९७० मध्ये.

एका लिंकवर ९९ रुपये भरले की पेन्शनविरोधी याचिकेत नाव घालतात. भरू का?
भरू नका. सही आणि मोबाइल नंबर गोळा करण्याचा हा धंदा आहे. विधानसभेची विनंती अर्ज समिती आहे. अर्जाचा नमुना आधी विधिमंडळ सचिवालयाला विचारा आणि आपल्या आमदारांच्या कार्यालयात जाऊन बोला. कोर्टात जायचं असेल तर २०१८चा निकाल घेऊन घटनात्मक प्रकरणं चालवणाऱ्या वकिलाला भेटा, आणि खर्च किती येईल ते पहिल्याच भेटीत विचारून घ्या.