तंबू उचलताना आधी खाली बघा

मे महिन्यात गाडीत तंबू टाकून निघणाऱ्यांचे प्रश्न या वेळी जास्त आले. बहुतेकांना धास्ती वाघ-बिबट्याची आहे. उत्तरांत मात्र साप-विंचवांनी जास्त जागा घेतली, कारण जमिनीवर झोपणाऱ्याची गाठ त्यांच्याशीच आधी पडते.

प्रश्न : दोन मुलांना (वय ६ आणि ९) घेऊन गुहागर, राजापूर, मालवण असा गाडीने प्रवास करणार आहोत. तीन रात्री तंबूत. तंबूभोवती कार्बोलिक ॲसिड टाकलं तर साप-विंचू येत नाहीत, हे खरं का? (एक वाचक, चिंचवड)

नाही. कार्बोलिक, मीठ, लसूण, दोरखंडाचं रिंगण यांतल्या कशानेच साप अडत नाही. शिवाय कार्बोलिकने मुलांची कातडी भाजेल ती वेगळीच. ते पैसे चांगल्या विजेरीवर खर्च करा.

जागा उजेड असताना निवडा. दगडी गडगा, लाकडांची मोळी, पाल्याचा ढीग, वारूळ आणि उंदरांची बिळं यांपासून निदान १०-१५ पावलं लांब राहा. कातळसड्यावर (उघड्या कातळाच्या माळावर) सुटे दगड असतील तर तिथे तंबू नको. फुरसं हा विषारी साप; ते दिवसा अशाच दगडांखाली बसतं आणि उन्हाळ्यात रात्री बाहेर पडतं. हे वीतभर-दीड वीत लांबीचं जनावर असतं आणि मातीत मिसळून जातं, त्यामुळे दिसण्याआधी पाय पडतो. रात्री तंबूबाहेर पाऊल टाकायचं ते घोट्यावरचे बूट घालून आणि विजेरी पायापुढे धरून. मोबाईलचा उजेड पुरत नाही.

तंबू तळ शिवलेला आणि चेन पूर्ण लागणारा हवा. उकडतं म्हणून चेन उघडी टाकून झोपू नका. जाळीचा पडदा असलेला तंबू घ्या. उघड्यावरच झोपायचं असेल तर खाट आणि कडा गादीखाली खोचलेली मच्छरदाणी. हे मुख्यतः मण्यारीसाठी. ती रात्री हिंडते, जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात शिरते आणि तिचा दंश इतका बारीक असतो की कित्येकदा जागही येत नाही. सूज नाही, रक्त नाही. पहाटे मूल पोट दुखतंय म्हणालं, पापण्या जड होऊन खाली येऊ लागल्या, बोलणं बोबडं झालं किंवा घोट गिळवेना, तर खूण सापडो न सापडो, मण्यार चावली असं धरूनच गाडी काढा. पुढची पायरी श्वास बंद पडण्याची असते आणि हे अपचनाच्या गोळीवर निभत नाही.

साप चावल्यावर घड्याळात वेळ बघा. अंगठी, कडं, पैंजण, घड्याळ काढून ठेवा, कारण सूज आली की ते रुततात. हात किंवा पाय काठी-पट्टीला सैल बांधून हलू देऊ नका. माणसाला चालवू नका. आवळपट्टी, चिरा देणं, तोंडाने रक्त ओढणं यातलं काहीही नको. घोणस आणि फुरशाच्या विषाने दंशाच्या जागचं मांस खराब होतं, रक्त गोठत नाही; वर करकचून बांधलं तर तो अवयवच धोक्यात येतो. साप मारून न्यायची गरज नाही. आपल्याकडची प्रतिविष लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवरही चालते. साधारण १० कुप्यांपासून सुरुवात होते, म्हणून ‘तिथे लस आहे’ एवढ्या उत्तराने भागत नाही. निघण्यापूर्वी वाटेवरच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयांना फोन करून किती कुप्या आहेत आणि व्हेंटिलेटर आहे का, ते विचारा आणि कागदावर लिहून ठेवा. घाटात नेटवर्क जातं. रुग्णवाहिकेचा क्रमांक १०८.

आता विंचू. कोकणातला धोक्याचा तो छोटा लाल विंचू. मोठा काळा जास्त भयंकर दिसतो, पण जिवावर बेततो तो लाल. दंशानंतर दरदरून घाम, उलट्या, हातपाय गार पडणं, छातीत धडधड अशी चिन्हं दिसली, तर ती हृदयावर ताण आल्याची असतात. मुलांमध्ये हे फार लवकर बिघडतं. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी यावर प्राझोसिन हे औषध रुजवलं आणि या दंशाने होणारे मृत्यू खूप कमी झाले. गोळी मात्र दवाखान्यातच घ्यायची, स्वतःच्या हिशोबाने नाही. तिने रक्तदाब एकदम उतरतो, म्हणून रुग्णाला झोपवून ठेवावं लागतं. सापाची लस विंचवावर चालत नाही.

एक स्वस्त उपाय सुचवतो. अतिनील किरणांची छोटी विजेरी घ्या, ३६५ ते ३९५ नॅनोमीटरची. अंधारात तिच्या उजेडात विंचू हिरवट-निळा चमकतो. झोपण्याआधी तंबूच्या चारी बाजूंनी आणि बुटांवरून ती एकदा फिरवा. नुकती कात टाकलेला विंचू चमकत नाही, त्यामुळे बूट झटकणं सुटत नाही. त्यापेक्षा बूट तंबूच्या आत पिशवीत घालून तोंड बांधलेलं बरं. सगळ्यात जास्त फसगत सकाळी आवरताना होते. रात्रभराच्या गारव्याला विंचू तंबूच्या तळाखाली येऊन बसलेला असतो आणि आपण तळाखाली हात घालून गुंडाळायला लागतो. खुंट्या काढा, तंबू एका कडेने काठीने उचलून उलटा करा, खाली बघा, झटका आणि मगच घडी घाला.

प्रश्न : जूनच्या सुरुवातीला भंडारदऱ्याला काजवे बघायला जातोय. बिबट्या असतो म्हणतात. राखणीला आमचा कुत्रा न्यावा का? (एक वाचक, नाशिक)

नेऊ नका. कुत्रा हे बिबट्याचं आवडतं खाद्य आहे. तंबूबाहेर बांधलेला कुत्रा म्हणजे त्याला आमंत्रणच. रात्रीचं जेवण झाल्यावर हाडं, उष्टं, कोंबडीची पिसं तिथे टाकू नका. त्यावर गावठी कुत्री जमतात आणि कुत्र्यांमागून बिबट्या येतो. लघवीला जाताना मुलांना एकटं सोडू नका. उजेड ठेवा, बोलत जा, झुडपाकडे पाठ करून बसू नका. बसलेला किंवा वाकलेला माणूस त्याला लहान सावज वाटू शकतो. समोर आलाच तर पळायचं नाही. मूल उचलून घ्या, हात वर करून मोठ्याने ओरडा आणि तोंड त्याच्याकडे ठेवून मागे सरका. काजव्यांच्या झाडांखाली विजेरी मारू नये असं सांगतात ते बरोबर आहे, पण ते झाडापुरतं. पायवाटेवर खाली उजेड हवाच.

वनविभागाची मदत १९२६ या क्रमांकावर मिळते. तंबू अभयारण्याच्या हद्दीत असेल तर लेखी परवानगी हवी, ती गावातल्या ओळखीवर चालत नाही.

प्रश्न : किल्ल्याच्या पायथ्याशी मुक्काम करणार आहोत. वर कड्याला आग्या मोहोळ आहे. चूल पेटवली तर? (एक वाचक, सातारा)

धूर मोहोळाकडे गेला की माश्या उठतात. चूल नको, गॅसची शेगडी वापरा आणि तीही मोहोळापासून नजरेआड. अत्तर, फवाऱ्याचा सेंट, मोठ्या आवाजातली गाणी, दगड मारणारा एखादा मित्र, सगळं मागे ठेवा. माश्या उठल्या की हातवारे न करता सरळ पळा. डोकं-तोंड कपड्याने झाका आणि गाडीत शिरून काचा लावा. चार माश्या आत आल्या तरी हरकत नाही, बाहेर हजार आहेत. पाण्यात उडी मारू नका. त्या वर घिरट्या घालत राहतात आणि डोकं वर काढल्यावर पुन्हा चावतात. काटा लगेच काढायचा, नखाने की चिमट्याने हा वाद घालू नका. तो जितका वेळ आत राहील तितकं विष उतरत जातं. ओठ-जीभ सुजली, घशात घरघर झाली किंवा डंख बरेच असतील तर दवाखाना.

प्रश्न : माकडाने हातातला वेफर्सचा पुडा ओढताना मुलीला ओरखडलं. धनुर्वाताचं इंजेक्शन पुरे का? (एक वाचक, ठाणे)

पुरे नाही. जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवा. त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करा. दंडात दिली तर ०, ३, ७, १४, २८ या दिवशी (० म्हणजे पहिल्या डोसचा दिवस). कातडीत दिली तर ०, ३, ७, २८. रक्त आलं असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही लागतं. पुडा ओढला तर सोडून द्यायचा, हे मुलांना आधीच सांगून ठेवा.

प्रश्न : कोल्हापूर, दाजीपूर, फोंडा घाट असं रात्री जायचंय. गवा आडवा आला तर? (एक वाचक, इचलकरंजी)

शक्यतो दिवसा जा. आलाच तर गाडी लांब थांबवा, दिवे मंद करा, हॉर्न वाजवू नका, खाली उतरू नका. एक गेला म्हणून निघू नका, मागे कळप असतो. हाच प्रवास पुढे उटी-वायनाडला नेणार असाल तर कर्नाटकातल्या बंदीपूरच्या जंगलामधला रस्ता रात्री ९ ते सकाळी ६ सर्वसाधारण वाहनांना बंद असतो. मुक्काम गुंडलुपेटच्या अलीकडे धरा.

प्रश्न : आम्ही सिएटलला असतो. जुलैत आईबाबांना यलोस्टोन आणि योसेमिटीला गाडीने नेणार आहोत. सोबत घरचा शिधा असेल. अस्वलांसाठी काय करावं? (एक वाचक, वॉशिंग्टन राज्य)

शिधा हाच प्रश्न आहे. लोणचं, मेतकूट, गोडा मसाला, तूप तर आलंच, पण टूथपेस्ट, साबण, खोबरेल, औषधी बाम, रिकामा डबा आणि कूलरसुद्धा अस्वलाच्या लेखी खाणंच. सगळं छावणीवरच्या लोखंडी पेटीत ठेवा आणि कडी पूर्ण बसली का ते ओढून बघा. योसेमिटीत अंधार पडल्यावर गाडीत खाणं ठेवायला मनाई आहे. अस्वलं दाराची चौकट वाकवून आत शिरतात. फोडणीचा वास लागलेले कपडे बदलून तंबूत जा.

यलोस्टोनमध्ये अस्वल-लांडग्यापासून १०० यार्ड (९१ मीटर) आणि बायसनपासून २५ यार्ड (२३ मीटर) अंतर ठेवणं सक्तीचं आहे. तिथे सर्वांत जास्त लोकांना जखमी केलंय ते बायसनने. तो म्हशीसारखा शांत चरतो म्हणून आईबाबा फोटोला जवळ जातील, ते आधीच समजावा.

मिरचीच्या तिखटाचा फवारा (बेअर स्प्रे) यलोस्टोनमध्ये कमरेला लावा, पिशवीच्या तळाशी नको. अस्वल अंगावर येत असताना साधारण १० मीटरपासून मारायचा, तोही थोडा खाली रोखून. डासांच्या औषधासारखा तंबूवर शिंपडू नका. योसेमिटीत हा फवारा बाळगायलाच बंदी आहे आणि विमानात तर कुठल्याच सामानात चालत नाही, तेव्हा तो यलोस्टोनला पोचल्यावर विकत किंवा भाड्याने घ्या आणि योसेमिटीत शिरण्याआधी परत करा.