मार्चचा आकडा जूनमध्ये का बदलतो?

वाचकांचे प्रश्न : क्लाउडवरच्या जीएसटी सॉफ्टवेअरमधला डेटा वेअरहाउसमध्ये नेताना

आमचं जीएसटी सॉफ्टवेअर क्लाउडवर आहे. खरेदीची बिलं आणि २बी (पुरवठादारांच्या रिटर्नवरून पोर्टल दर महिन्याला बनवतं ती क्रेडिटची यादी) रोज रात्री एपीआयने (सॉफ्टवेअरकडून थेट डेटा मागण्याची सोय) बिगक्वेरीत, म्हणजे गूगलच्या डेटा वेअरहाउसमध्ये, उतरतात. मार्चचा आयटीसी (खरेदीवर दिलेल्या कराचं क्रेडिट) एप्रिलमध्ये काढला तेव्हा एक आकडा होता, जूनमध्ये काढला तर दुसराच. लोडमध्ये चूक आहे का? (वस्त्रोद्योगातील लेखापाल, इचलकरंजी)

लोड बहुधा बरोबर आहे, टेबलाची मांडणी चुकली आहे. तुमच्याकडे ‘महिना’ नावाचा एकच कॉलम असणार. खरेदीच्या बिलाला मात्र तीन महिने असतात : बिलावरची तारीख, ते ज्या २बीत दिसलं तो महिना, आणि ज्या ३बीत (कर भरण्याच्या रिटर्नमध्ये) तुम्ही क्रेडिट घेतलं तो महिना.

समजा पुरवठादाराने २८ मार्चला बिल केलं. त्याचं जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीचं रिटर्न, ११ एप्रिलपर्यंत जायला हवं होतं, त्याने ते ३ मेला भरलं. मग ते बिल मार्चच्या २बीत येतच नाही, १४ मेला तयार होणाऱ्या एप्रिलच्या २बीत येतं. बिल २बीत आल्याशिवाय त्याचं क्रेडिट नाही, हा नियम १ जानेवारी २०२२ पासून आहे. तुम्ही बेरीज बिलाच्या तारखेने करता, म्हणून उशिरा आलेलं प्रत्येक बिल जुन्या मार्चमध्ये जाऊन बसतं. तिन्ही महिने वेगळ्या कॉलमांत ठेवा आणि अहवालाच्या शीर्षकातच ‘२बीच्या महिन्यानुसार’ असं लिहा. निम्मे वाद तिथेच मिटतात.

महिना लिहिण्याची रीतही तपासा. पोर्टलच्या फाइलींत तो आधी महिना, मग वर्ष असा सहा अंकी येतो, उदाहरणार्थ ०३२०२५. तो संख्या म्हणून घेतला तर पुढचं शून्य गळतं. मजकूर म्हणून ठेवून क्रम लावला तर मार्च २०२५ हा एप्रिल २०२४ च्या आधी येतो. आत घेतानाच त्याची त्या महिन्याची १ तारीख करून टाका.

दुसरं कारण म्हणजे आयएमएस, पोर्टलवरची इनव्हॉइस मॅनेजमेंट सिस्टिम. पूर्वी १४ तारखेला तयार झालेली २बी पुन्हा बदलत नसे. ऑक्टोबर २०२४ पासून आयएमएसमध्ये बिल स्वीकारणं, नाकारणं किंवा प्रलंबित ठेवणं सुरू झालं. १४ तारखेनंतर असं काही केलं, तर ३बी भरण्याआधी २बी पुन्हा काढावी लागते. म्हणजे एकाच महिन्याच्या दोन-तीन २बी असू शकतात. रात्रीचा लोड जुनी पुसून नवी लिहीत असेल, तर कोणत्या २बीवरून क्रेडिट घेतलं हे सहा महिन्यांनी कोणालाच सांगता येणार नाही. प्रत्येक डाउनलोड त्याच्या वेळेसकट जसाच्या तसा साठवा. ३बी भरली त्या दिवशी तिच्यामागच्या ओळी एआरएन (रिटर्न भरल्याच्या पोचेच्या) क्रमांकासह वेगळ्या टेबलात नकलून ठेवा. भरलेलं रिटर्न म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, त्या टेबलात पुन्हा हात घालायचा नाही. पुढचे बदल शेजारी नव्या ओळींनी येऊ द्या.

विक्रीच्या बाजूला हीच अडचण दुरुस्त्यांची असते. जीएसटीआर-१ च्या ९ए तक्त्यातली ओळ बिलाची सुधारित पूर्ण रक्कम घेऊन येते, फक्त फरक घेऊन नाही. मूळ ओळ आणि दुरुस्तीची ओळ यांची सरळ बेरीज केली की उलाढाल फुगते. दुरुस्तीच्या ओळीत मूळ बिलाचा क्रमांक असतो, त्यावरून जोडा आणि फरक काढा. जुलै २०२४ च्या कालावधीपासून जीएसटीआर-१ए (१ मधल्या चुका त्याच महिन्यासाठी सुधारण्याचा फॉर्म) आला आहे, म्हणून तेव्हापासूनच्या प्रत्येक महिन्याची विक्री जुळवताना १ आणि १ए दोन्ही घ्या.

आम्ही ‘कालपासून बदललेली बिलं’ मागतो. काही दोनदा येतात, काही येतच नाहीत. एकूण विक्रीही सॉफ्टवेअरपेक्षा जास्त दिसते. (पुणे)

पहिल्या दोन्ही तक्रारी एकाच जागी जन्मतात. तुम्ही पान १, पान २ असं वाचत असताना कोणी तरी बिल दुरुस्त केलं, की यादी सरकते : एखादं बिल दोन्ही पानांवर येतं, एखादं दोन्हींतून सुटतं. उपाय असा, की ‘कालपासून’ऐवजी तीन दिवस मागून घ्या आणि ओळी नुसत्या न घालता किल्लीवरून (प्रत्येक बिल वेगळं ओळखता येईल अशा कॉलमांवरून) मर्ज करा : असेल तर बदल, नसेल तर नवी.

किल्ली चार गोष्टींची करा : विक्रेत्याचा जीएसटीआयएन (जीएसटी नोंदणी क्रमांक), दस्तऐवजाचा प्रकार, क्रमांक, आर्थिक वर्ष. ई-इनव्हॉइसचा (सरकारी पोर्टलवर नोंदवलेल्या बिलाचा) ६४ अक्षरी ओळख क्रमांक, आयआरएन, याच चार गोष्टींवरून बनतो. खुद्द आयआरएनला किल्ली करण्याचा मोह होतो, पण तो सगळ्या बिलांना नसतो. ५ कोटींच्या आतल्या उलाढालीवाल्यांना तो लागत नाही आणि किरकोळ ग्राहकाच्या बिलालाही नसतो. आर्थिक वर्ष विसरू नका, कारण दर एप्रिलला क्रमांक पुन्हा १ पासून सुरू करणारे पुष्कळ आहेत.

‘कुठपर्यंत वाचलं’ ही खूण आलेल्या ओळींतल्या सर्वांत शेवटच्या बदलाच्या वेळेवरून ठरवा, स्वतःच्या सर्व्हरच्या घड्याळावरून नको. ४२९ ही चूक आली म्हणजे तुम्ही फार वेगाने मागत आहात. थांबा, दर वेळी थांबण्याचा काळ दुप्पट करा, आणि सगळी पानं नीट येईपर्यंत खूण पुढे सरकवू नका. सॉफ्टवेअरमधून कायमचं काढून टाकलेलं बिल ‘बदललेल्या’ यादीत बहुधा येतच नाही. त्यासाठी आठवड्यातून एकदा फक्त किल्ल्यांची पूर्ण यादी मागवून ताडून पाहा. गायब झालेल्या ओळीवर ‘रद्द’ असा शिक्का मारा, ती पुसू नका. पोर्टलवर आयआरएन २४ तासांच्या आतच रद्द होतो, त्यानंतर बहुधा क्रेडिट नोट करावी लागते.

जास्त दिसणारी विक्री हा वेगळाच रोग. एका बिलात ५ टक्के आणि १८ टक्के अशा दोन ओळी असतात. सपाट टेबल करताना बिलाची एकूण रक्कम दोन्ही ओळींवर उतरते आणि बेरजेत दोनदा मोजली जाते. बिल आणि ओळी यांची दोन टेबलं करा.

हळद आणि बेदाण्याच्या एचएसएनवार (वस्तूंच्या कोडनुसार) अहवालात बरेच कोड ‘सापडत नाहीत’. (सांगली)

मध्ये कुठेतरी फाइल एक्सेलमध्ये उघडली जाते आहे. हळदीचा ०९१०३० तिथे ९१०३० होतो, बेदाण्याचा ०८०६२० हा ८०६२० होतो. बिल क्रमांक ३-४ असेल तर त्याची तारीखच बनते. पहिल्या थरात सगळे कॉलम मजकूर म्हणून घ्या, प्रकार दुसऱ्या थरात द्या. रकमा न्यूमेरिक किंवा डेसिमलमध्ये दोन दशांशांपर्यंत ठेवा. फ्लोटमध्ये (जिथे दशांश अंदाजे साठतात) ठेवल्या तर हजारो ओळींनंतर पैशांचा फरक पडतो आणि तो शोधण्यात दिवस जातो. आणि कराचा दर एचएसएनवरून स्वतः लावू नका, बिलावरचाच घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे बहुतेक वस्तूंसाठी गेले आहेत, पण त्याआधीच्या बिलांवर जुनेच दर राहणार.

१ एप्रिलची सगळी बिलं मागच्या आर्थिक वर्षात गेली! (हॉटेल, पणजी)

बिलाची तारीख तुमच्याकडे वेळेसकट साठवली आहे. १ एप्रिलची भारतीय मध्यरात्र म्हणजे यूटीसीप्रमाणे (जागतिक प्रमाणवेळेप्रमाणे) ३१ मार्चची संध्याकाळ, ६ वाजून ३० मिनिटं. बिलाच्या तारखेचा कॉलम नुसता ‘डेट’ करा. बदलाची वेळ मात्र यूटीसीतच राहू द्या आणि अहवालात साडेपाच तास मिळवा.

खरेदी नोंद आणि २बी जुळवताना पुरवठादार ‘एबीसी/००१२’ लिहितो, आमच्याकडे ‘एबीसी-१२’ असतं. (नाशिक)

दोन फेऱ्या करा. पहिल्या फेरीत क्रमांक जसाच्या तसा जुळवा. उरलेल्यांत अक्षरं मोठी करा, तिरपी रेघ आणि आडवी रेघ काढा, अंकांच्या गटापुढची शून्यं काढा, पण जुळणी तेव्हाच माना जेव्हा जीएसटीआयएन, आर्थिक वर्ष आणि कराची रक्कम १ रुपयाच्या फरकात बसते. रक्कम न बघता रेघा काढल्या तर १/११ आणि ११/१ ही दोन वेगळी बिलं एक होतात. मूळ क्रमांक वेगळ्या कॉलमात जपा, पुरवठादाराला फोन करताना तोच लागतो.

दर महिन्याला एकदा लोड गुपचूप बंद पडतो आणि २बी शून्य दिसते. (ठाणे)

जीएसटी पोर्टलवर एपीआयची परवानगी जास्तीत जास्त ३० दिवसांची मिळते, मग पुन्हा ओटीपी लागतो. तो ज्याच्या मोबाइलवर येतो ती व्यक्ती १४ तारखेला रजेवर नसेल असं पाहा, किंवा परवानगी १० तारखेच्या आसपासच नवी करून घ्या. ‘शून्य बिलं’ आणि ‘उत्तर आलं नाही’ यांची नोंद वेगवेगळी ठेवा. तिसरी शक्यताही आहे : मागच्या महिन्याची ३बी भरलेली नसेल तर पोर्टल या महिन्याची २बी तयारच करत नाही. म्हणून २बी मागण्याआधी मागच्या ३बीची स्थिती विचारणारी एक पायरी घाला, आणि ती भरलेली नसेल तर लोड तिथेच थांबवून लेखा विभागाला ईमेल जाऊ द्या.